बिननावाचा कोरस डबा: प्रकल्प नोंदी

२ ऑगस्ट

कोरस, म्हणजे गिटारच्या आवाजात त्याचीच किंचित उशिरा येणारी थरथरती नक्कल मिसळणारा इफेक्ट. त्याचा विषय काढला की गिटारवाल्यांचे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो साबणाचा फेस आहे नुसता, ऐंशीच्या दशकात सगळ्यांनी इतका चोपडला की आता ऐकवत नाही. दुसरा म्हणतो क्लीन (न फाटलेल्या) टोनवर कोरस नसेल तर गिटार ओकीबोकी वाटते. मी स्वतः पहिल्या गटातला, निदान आजवर तसं सांगत तरी आलोय. पण खरं सांगायचं तर मी कोरस नीट बसून कधी ऐकलेलाच नाही, मित्राच्या पेडलवर (पायाने चालू-बंद करायचा इफेक्टचा डबा) पाय ठेवला, दोन कॉर्ड वाजवल्या, 'ई, नको' म्हणून बंद केलं, एवढाच अनुभव.

ड्रॉवरमध्ये एमएन३२०७ आणि एमएन३१०२ अशी चिपची जोडी केव्हाची पडलीय, पहिली आवाज उशिरा सोडणारी, दुसरी तिला ठोके देणारी क्लॉक. तर ठरवलं असं: आपणच एक साधा अॅनालॉग कोरस बांधायचा, डब्यावर नाव नाही, नॉबवर अक्षर नाही, आणि ओळखीच्या वाजवणाऱ्यांच्या हातात द्यायचा. काय बोलतात ते लिहायचं आणि ते उठून गेले की नॉब कुठे ठेवून गेले त्याचा फोटो काढायचा. तोंड काय बोलतं आणि हात काय करतात यात फरक असणार असा माझा संशय आहे.

सर्किट बॉस कंपनीच्या सीई-२ या कोरस पेडलच्या वळणाचं. ते १९७९ चं, त्याच्याआधी १९७६ ची मोठी थोरली सीई-१ आणि तिच्याही आधी १९७५ चा रोलँडचा जेसी-१२० अँप, कोरस मुळात त्या अँपच्या पोटातला. सीई-२ मध्ये एमएन३००७ होती, ती अस्सल मिळणं आता मुश्किल आणि नकली माल भरपूर, म्हणून ३२०७. फक्त या दोघी एकमेकींच्या जागी तशाच बसत नाहीत, पुरवठ्याची दिशाच उलटी आहे, आणि सोबतची क्लॉक चिपसुद्धा वेगळी (३००७ ला ३१०१, ३२०७ ला ३१०२). ज्याने कुणी पहिल्यांदा घाईत अदलाबदल केली असेल त्याला माझा नमस्कार.

५ ऑगस्ट

बोर्ड भरून झाला. चालू केला, गिटारचा आवाज येतोय, थरथर शून्य. म्हणजे ड्राय वाट ठीक, वेट वाट मेलेली. (ड्राय म्हणजे गिटारचा मूळ सिग्नल, वेट म्हणजे चिपमधून उशिरा निघणारा, दोन्ही शेवटी एकत्र होतात आणि तोच कोरस, बाकी जादू काही नाही.)

ऑडिओ प्रोब काढला, म्हणजे एका वायरच्या टोकाला कपॅसिटर, दुसरं टोक अँपमध्ये, आणि सर्किटमध्ये जागोजागी टोचत जायचं, डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतो तसं. चिपच्या तोंडापर्यंत गिटार येतेय, पलीकडे चिडीचूप. तासभर चिपला शिव्या घातल्या. शेवटी निघालं काय तर क्लॉकचा टायमिंग कपॅसिटर, त्याचा एक पाय सोल्डरमध्ये बसल्यासारखा दिसत होता पण हलवला की हलत होता. क्लॉकच नाही तर पुढे काय सरकणार.

ही चिप म्हणजे बादल्यांची रांग असते. फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीर यांनी १९६९ मध्ये ही युक्ती काढली, आग विझवताना माणसं ओळीने बादल्या पुढे देतात तसं एक कपॅसिटर पुढच्याला चार्ज देतो. माझ्या चिपमध्ये अशा १०२४ बादल्या. क्लॉकच्या एका ठोक्यात सिग्नल दोन घरं सरकतो म्हणून उशीर किती ते काढायला १०२४ भागिले क्लॉकची दुप्पट. मी ट्रिमर (बोर्डावरचा बारीक नॉब) फिरवून क्लॉक साधारण ४२.७ किलोहर्ट्झवर आणला, म्हणजे मधला उशीर १२ मिलिसेकंद. हा १२ चा आकडा मी असाच, 'बरा वाटतो' म्हणून घेतला. पुढे तो नडला.

बायस ट्रिमर (चिपला लागणारा स्थिर व्होल्टेज लावायचा) मात्र फार नाजूक प्रकरण, चिमटीभर जागेत आवाज साफ, जरा इकडे तिकडे झालं की फाटका स्पीकर.

८ ऑगस्ट

टक टक टक. कोरस चालू, गिटार बंद, आणि घड्याळासारखी टिकटिक. एलएफओ म्हणजे जो हळू लाटा काढून क्लॉकला खालीवर ढकलतो तो भाग, त्यातल्या एका ऑपअँपचं (छोट्या अॅम्प्लिफायर चिपचं) आउटपुट एकदम वरून खाली आपटतं, त्या धक्क्याने पुरवठा हलतो आणि तो हिसका ऑडिओत ऐकू येतो. एलएफओच्या पुरवठ्याच्या वाटेत १०० ओहमचा रेझिस्टर आणि १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला, त्याने नव्वद टक्के गेलं. उरलेलं एका वायरने केलं होतं, जी मी सुबक दिसावी म्हणून इनपुटला चिकटून नेली होती. सुबकपणा सोडला, वायर लोंबती ठेवली, टिकटिक गेली.

एलएफओवर एक एलईडी पण लावलाय, वेगानुसार लुकलुकतो.

११ ऑगस्ट

पहिला बेसवाला. हा माणूस मुळात कमी बोलतो. पाच मिनिटं वाजवलं आणि म्हणाला, "वरच्या तारांवर मस्त आहे रे, पण ई वाजवली की मधेच खालून जमीन सरकते." मी म्हटलं असं कसं, सगळीकडे सारखंच असणार. त्याने खुली ई (सगळ्यात जाड तार) वाजवून धरली आणि खरंच, स्पीकरचा कागद दणदण हलतोय, मग क्षणभर हलायचा थांबल्यासारखा, परत दणदण. ए वाजवली तर तसं काही नाही. मी सवयीप्रमाणे केबलवर ढकललं.

जाताना म्हणाला, "बेसला कोरस चालत नाही असं म्हणतात ते हेच असेल." फोटो: डेप्थ (उशीर किती खालीवर होतो) अर्ध्यावर, रेट (तो किती वेळा खालीवर होतो) सगळ्यात कमी.

१२ ऑगस्ट

केबलचा दोष नव्हता. रात्री झोप येईना म्हणून कागदावर मांडलं. बेसची खुली ई ४१.२ हर्ट्झ, तिची एक लाट पुरी व्हायला २४.३ मिलिसेकंद लागतात. माझा मधला उशीर १२. म्हणजे उशिरा येणारी लाट मूळ लाटेच्या जवळजवळ बरोब्बर अर्धी मागे, एक वर जातेय तेव्हा दुसरी खाली, दोन्ही सारख्या ताकदीच्या, बेरीज जवळजवळ शून्य. एलएफओ दर फेरीत दोनदा मधून जातो आणि दर वेळी तळाचा सूर गिळून टाकतो. त्याची ए ५५ ची, ती एवढी कापायला ९.१ मिलिसेकंद लागतील, तिथपर्यंत डेप्थ अर्ध्यावर असताना जातच नाही.

आणि गंमत म्हणजे गिटारची खुली ई ८२.४ ची. तिला तेच १२ मिलिसेकंद जवळपास एक पूर्ण लाट पडतात, म्हणून तिथे आवाज वाढतो! एकाच डब्यात बेसवाल्याची ई गायब आणि गिटारवाल्याची ई फुगलेली, मग दोघांची मतं कशी जुळणार. बॉसच्या सीईबी-३ या बेस कोरसवर 'लो फिल्टर' नावाचा नॉब असतो, तो काय करत असेल ते आज पोटापासून कळलं.

१५ ऑगस्ट

लीडवाला आला. हा कोरसचा जाहीर शत्रू. मी सांगितलंच नाही डब्यात काय आहे, पण दोन सेकंदांत ओळखलं, "कोरस! कशाला रे बाबा?" मग पुढचा पाऊण तास तो तिथून हलला नाही.

त्याने आधी क्लीनवर नाकं मुरडली. नंतर स्वतःचा डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाडणारा पेडल, लावला, कोरस आधी की नंतर यावरून आमचा वाद झाला. मी म्हणतोय नंतर, कारण फाटलेल्या आवाजाला मागून हलवलं की तो रुंद होतो, कॉर्ड स्पष्ट राहतात. तो म्हणतो आधी, कारण मग दोन जवळजवळ सारखे सूर एकत्र डिस्टॉर्शनमध्ये घुसतात आणि तिथे एकमेकांना चावतात, फेजर नावाच्या इफेक्टसारखा एक घोळ तयार होतो जो सोलोला बरा वाटतो. दोन्ही करून ऐकलं. रिदमला माझं बरोबर, सोलोला त्याचं. (हे मी त्याला सांगितलेलं नाही.)

मग मी त्याला विचारलं, मेटालिकाच्या हेटफिल्डचे क्लीन आवडतात ना तुला, ते जेसी-१२० चे आहेत माहितीये का. म्हणाला ते वेगळं. मी म्हटलं, गिटारवादक झॅक वाइल्ड डिस्टॉर्शनवर कोरस लावतो, एमएक्सआर कंपनीने त्याच्या नावाचा कोरस काढलाय. म्हणाला तेही वेगळं. म्हणजे आवडला तर 'टोन' आणि नाही आवडला तर 'कोरस'.

फोटो: रेट तीन वाजता (नॉबचा काटा घड्याळासारखा धरला तर), म्हणजे भलताच वर, डेप्थ नऊच्याही खाली.

१७ ऑगस्ट

रिदमवाला. हा कोरसचा भक्त, गिटार बाहेर काढायच्या आधी भाषण सुरू. निर्वाना बँडच्या कर्ट कोबेनचा स्मॉल क्लोन पेडल, एक नॉब आणि एक डेप्थचा स्विच, बस, एवढ्यावर त्या माणसाने काय केलं बघ, वगैरे. ते ठीक. मग म्हणाला, द पोलिस बँडच्या अँडी समर्सचा कोरस ऐक. मी म्हटलं तो सुरुवातीला इलेक्ट्रिक मिस्ट्रेस वापरायचा, तो फ्लँजर आहे. थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "हळू फिरवलेला फ्लँजर म्हणजे कोरसच की." अगदीच चूक नाही तसं, दोन्हीत उशीरच हलवायचा असतो, फ्लँजरमध्ये तो आणखी छोटा असतो आणि थोडा आवाज परत मागे फिरवून आत घालतात.

वाजवलं मात्र सुंदर. तुटक कॉर्ड, मधल्या तारा, उजवा हात अगदी हलका. त्याने नॉब लावला आणि परत हात लावला नाही, लीडवाला मात्र दर मिनिटाला कुरतडत होता.

फोटो: रेट जवळपास शून्यावर, डेप्थ पार शेवटी. म्हणजे लीडवाल्याच्या बरोबर उलटं, आणि मला वाटलं चला, प्रकल्प संपला, दोन तट म्हणजे दोन टोकं.

१९ ऑगस्ट

संपला नाही. सहज चाळा म्हणून दोघांचे नॉब फोटोवरून तसेच लावले आणि मोजले. एलईडीची लुकलुक मोबाइलच्या स्टॉपवॉचवर: लीडवाल्याची दहा सेकंदांत २०, रिदमवाल्याची ५. मग एलएफओ सोडवून क्लॉकला हाताने दोन्ही टोकांना नेलं, मीटर फ्रिक्वेन्सीवर. लीडवाल्याचा क्लॉक ४४.५ ते ४१ किलोहर्ट्झ, म्हणजे उशीर साडेअकरा ते साडेबारा, फक्त १ मिलिसेकंदाची हालचाल. रिदमवाल्याचा ५१.२ ते ३६.६, म्हणजे १० ते १४, चांगली ४ मिलिसेकंद.

आता सूर किती हलतो ते उशीर किती आहे यावर नसतं, उशीर किती वेगाने बदलतोय यावर असतं. शिट्टी वाजवत गाडी जवळ येते तेव्हा सूर चढलेला वाटतो तोच प्रकार. लीडवाला: १ मिलिसेकंद बदलायला पाव सेकंद. रिदमवाला: ४ मिलिसेकंद बदलायला एक सेकंद. भागाकार करा. दोन्हीकडे ०.४ टक्के. म्हणजे साधारण ७ सेंट, एका अर्ध्या सुराचे १०० सेंट धरले तर.

मी दोनदा तपासलं. मोजणी ढोबळ आहे, लाट अगदी सरळ त्रिकोणी नाहीये, पण दोघंही जवळजवळ एकाच आकड्यावर येऊन थांबलेत! कोरसचा शत्रू आणि कोरसचा भक्त, दोघांच्या कानाने गिटार तेवढीच बेसूर पसंत केली, फक्त एकाची सेकंदाला दोनदा फिरते आणि दुसऱ्याची दोन सेकंदांत एकदा. मी मग मुद्दाम रिदमवाल्याची डेप्थ तशीच ठेवून रेट दुप्पट केला, १४ सेंट, आणि लगेच ती बोटीवर बसल्यासारखी मळमळ आली जिच्यामुळे मी आजवर 'ई, नको' म्हणत होतो. हे कळल्यावर मला माझाच जरा राग आला. रेट वाढवला की डेप्थ उतरवायची एवढी एक गोष्ट मला वीस सेकंदांत कुणी सांगितली असती तर.

मग हे दोघं भांडतात कशावरून?

२३ ऑगस्ट

एक ज्येष्ठ वादक आहेत, आम्ही त्यांना सरच म्हणतो, जॅझ वाजवतात. त्यांना विचारलं कोरसबद्दल काय मत. म्हणाले, "एका स्पीकरमधून येतो त्याला मी कोरस म्हणत नाही." जेसी-१२० मध्ये दोन १२ इंची स्पीकर आणि दोन वेगळे पॉवर अँप, प्रत्येकी ६० वॉटचे, एकातून साधी गिटार आणि दुसऱ्यातून हलणारी, आणि मिसळण खोलीतल्या हवेत होते. डब्यात मिसळलं की लाटा तारेतच एकमेकांना कापतात.

म्हटलं करून बघू. मिक्सच्या आधीच वेट तोडून दुसऱ्या जॅकवर काढला, दोन अँप, मधे दहा पावलं अंतर. सर मधोमध खुर्ची टाकून बसले, एक मेजर नाइन्थ कॉर्ड वाजवली आणि खरं सांगतो, खोलीच मोठी झाली. पेडलमधून जे ऐकत होतो त्याचं नावच नको. मी उठून डाव्या अँपजवळ गेलो तर कोरी साधी गिटार. उजव्याजवळ गेलो तर नुसता व्हायब्राटो, म्हणजे एक सरळसरळ बेसूर गिटार वाजतेय. सरांना सांगितलं. तेही उठले, वाजवत वाजवत उजवीकडे चालत गेले, तोंड वाकडं केलं आणि परत मधे येऊन बसले. म्हणाले, "अरे, म्हणजे हा वाजवणाऱ्याचाच इफेक्ट झाला. ऐकणारे भिंतीकडेला बसलेत."

मग त्यांनी स्वतःच सुचवलं की वेटवाल्या अँपचा आवाज कमी कर. कमी केला, अजून कमी केला, एका ठिकाणी थांब म्हणाले. तिथे भिंतीकडेलाही बरं वाटत होतं. सीई-२ मध्ये हा नॉबच नाही, ड्राय आणि वेट निम्मे निम्मे ठरलेले, आणि मीही तेच बांधलं होतं.

२७ ऑगस्ट

तिसरा नॉब बसवला. वेट ज्या रेझिस्टरमधून मिक्सरला येतो त्याच्या ओळीत एक पॉट (नॉबने फिरणारा रेझिस्टर), इतकंच काम, पण डब्याला भोक पाडताना ड्रिल घसरलं आणि पुढच्या बाजूला एक लांब ओरखडा. आता नाव नसलं तरी ओळखू येईल.

दुसरं काम बेसवाल्यासाठी. वेटच्या वाटेत चिपच्या आधी १०० किलोओहमबरोबर ४.७ नॅनोफॅरड लावून बघितला, म्हणजे सुमारे ३४० हर्ट्झच्या खालचं हळूहळू गळतं. बेस एकदम ठणठणीत, पण गिटारवर कोरस किडकिडीत, डब्यातल्या मधमाशीसारखा. १० नॅनोफॅरड लावला, गाळणी १६० च्या आसपास आली. बेसची ई आता ढळत नाही, गिटारचं अंगही राहतं. स्विचवर दोन्ही सोय ठेवली, गाळणी किंवा मूळचं.

३० ऑगस्ट

तालमीत नेला, पूर्ण बँड. पहिल्याच गाण्यात सायरन. अगदी बारीक, कुईंऽऽ करत वर जातो, खाली येतो, वर जातो. सगळे ड्रमरकडे बघतायत, तो बिचारा हात वर करून बसलेला. कारण असं की लीडवाल्याच्या बोर्डावर एक अॅनालॉग डिले होता, त्यातही बादल्यांचीच चिप, त्याचा क्लॉक आणि माझा क्लॉक दोन्ही कानाच्या पलीकडचे, पण दोघांतला फरक कानात येतो, आणि माझा सतत हलतोय म्हणून तो फरकही हलतो. एकाच पॉवर सप्लायच्या साखळीवर दोघं होते. कोरसला वेगळ्या आयसोलेटेड आउटपुटवर टाकला, डिलेपासून हातभर लांब ठेवला, गेला सायरन.

त्यानंतर जे झालं ते लिहून ठेवतो. रिदमवाल्याने घरी लावलेलं सेटिंग बँडमध्ये लावलं आणि त्याची गिटार सरळ गायब झाली. ड्रमच्या झांजा आणि कोरसची चमक एकाच पट्ट्यात, कोण कुठे ते कळेना. त्याने सवयीने डेप्थ वाढवली, अजून गायब. मी फक्त वेट पूर्णवरून दोन वाजेपर्यंत उतरवला आणि कॉर्डला परत कडा आली. तो म्हणाला आता कोरस कमी वाटतो. बाकी चौघं म्हणाले आता गिटार ऐकू येतेय.

लीडवाल्याने सोलोला वेट दहा वाजता ठेवला, डिस्टॉर्शनच्या आधी, आणि वर मला म्हणतो, "हे बघ, असं असेल तर चालतं, पण याला कोरस म्हणू नको." दोघांचे नॉब नंतर फोटोत बघितले, रेट-डेप्थ साधारण जुन्याच जागी. भांडण त्या ७ सेंटचं नव्हतंच, मूळ गिटार त्याखाली किती दिसू द्यायची याचं होतं, आणि तो नॉब दोघांच्याही आधीच्या पेडलवर कधी नव्हता.

बेसवाल्याने गाळणी लावून अख्खा संच वाजवला, एकदाही बंद केला नाही. मत विचारलं तर म्हणाला, "ठीक."

३ सप्टेंबर

डबा सध्या लीडवाल्याकडे आहे. 'दोन दिवस' म्हणून नेलाय. रिदमवाल्याला दुसरा हवाय, चिपची जोडी मागवायला हवी आणि या वेळी मधला उशीर १२ ऐवजी १० वर लावून बघणार. सरांना दोन जॅकवाला हवाय, वेट नॉबसकट.

उरलेलं काम: एलईडीचा रेझिस्टर १ किलोओहमचा ४.७ करायचा, अंधारात डोळ्यात जातो. आणि ओरखड्यावर काहीतरी चिकटवायचं, लीडवाल्याने तिथे पांढऱ्या मार्करने 'कोरस नाही' असं लिहून ठेवलंय.